तीन चौरस फुटांचा सातबारा

महसूल खात्यात ३३ वर्षे इमानेइतबारे कारकुनी करताना मी हजारो लोकांच्या जमिनींचे फेरफार लिहिले, वारसांच्या नोंदी घातल्या आणि बांधाच्या एका वितीवरून दोन पिढ्या परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या भाऊबंदांच्या कैफियती सुवाच्य अक्षरात नकलून काढल्या. परंतु सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ घेऊन घरी परतलो, तेव्हा या विस्तीर्ण वसुंधरेवर माझ्या स्वतःच्या नावे मातीचे एक ढेकूळही दाखल नाही, हे सत्य मला तो नारळ फोडताना अकस्मात उमगले. पुण्यातील एका गृहरचना संस्थेत दुसऱ्या मजल्यावर आमची सदनिका आहे खरी. पण सदनिका म्हणजे जमीन नव्हे. खाली पहिल्या मजल्यावरच्यांचे छत आणि वर तिसऱ्या मजल्यावरच्यांची फरशी, अशा दोन परक्या हद्दींच्या मध्ये अधांतरी राहिलेली ती केवळ एक वहिवाट आहे.

त्या वहिवाटीला रस्त्याच्या अंगाने एक सज्जा जोडलेला आहे. 'सज्जा' हा शब्द मी लिहिण्यापुरता वापरतो. घरात तो उच्चारला तर सौ. माझ्याकडे मी एखादे फर्मान वाचत असल्यासारखी पाहते. पुण्यात त्यास गॅलरी म्हणतात, आमचे चिरंजीव बाल्कनी म्हणतात, आणि प्रत्यक्षात ती १२ फूट लांब व ४ फूट रुंद अशी एक जागा असून तीवर वाळते कपडे, निकामी कूलर आणि पाहुण्यांना दाखवू नयेत अशा सर्व वस्तू यांचा पूर्वापार ताबा आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहण्यास आम्ही उभयता गेलो आणि तेथे लाकडी पेट्यांतून ओसंडणारी फुले पाहून सौ. म्हणाली, "अहो, आपल्या गॅलरीत असं काही करता येईल का?" प्रश्न फुलांचा होता, मला मात्र त्यात जमीन दिसली. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात पैमाश उरकली. लांबी ३ फूट, रुंदी १ फूट, म्हणजे क्षेत्र ३ चौरस फूट. गुंठ्याचे चौरस फूट १०८९. सबब माझी नियोजित जमीन ही एका गुंठ्याचा ३६३ वा हिस्सा. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीस इतका बारीक तुकडा पडला नसावा, या भरवशावर मी कामास लागलो.

पहिला प्रयोग आंब्याच्या पेट्यांवर झाला. मध्यमवर्गीय मराठी घरात जूनच्या पहिल्या आठवड्यात देवगडच्या दोन रिकाम्या पेट्या शिल्लक असतात, आणि त्या टाकवत नाहीत. कारण त्यांना अजून वास येत असतो. मी त्यांत माती भरली, झेंडू लावला आणि कृतकृत्य होऊन चहा घेतला. परंतु आंब्याची पेटी बनविणाऱ्याने तिच्याकडून कोकणातून पुण्यापर्यंतचा प्रवास आणि वर आठवडाभर कॉटखालचा मुक्काम, एवढीच सेवा अपेक्षिलेली असते. तिच्या फळ्या बोटभर फटी ठेवून ठोकलेल्या असतात, त्या फळाला वारा लागावा म्हणून. खिळे चुकांहून किंचित मोठे, तेही सहज उपटता यावेत असेच. आषाढाच्या तिसऱ्या सरीला पहिली पेटी फुगली, चौथ्या सरीला तिचा तळ सुटला, आणि एके पहाटे झेंडूसह संपूर्ण मिळकत फरशीवर पसरलेली आढळली. सौ.ने झाडू हाती घेऊन एवढेच विचारले की, सरकारी जमिनीही अशाच वाहून जात होत्या काय. दुसरी पेटी मी पुरावा म्हणून माळ्यावर ठेवली आहे.

तेव्हा लाकूड खरे हवे, असे ठरले, आणि मी भवानी पेठेतील टिंबर मार्केटात गेलो. वखारीत शिरताच कापलेल्या सागाचा जो कडवट गोड, किंचित चामड्यासारखा वास येतो, त्याने माणसाचे भान सुटते आणि ऐपत विसरते. शेठनी मला प्रथम बल्लारशाचा साग दाखविला. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी तेथूनच लाकूड रवाना झाले, हे ऐकविले, सागाच्या अंगातच असे तेल असते की वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही, हेही समजाविले, आणि मग मोठ्या अदबीने विचारले, "दरवाजा करायचा की देव्हारा?" मी मिरच्या लावणार आहे असे सांगताच त्यांनी पुढ्यातील फळीवरून माझा हात हळूच बाजूला केला. घनफुटाचा भाव त्यांनी सांगितला तो मी येथे देत नाही. निवृत्तिवेतनधारकांची प्रकृती नाजूक असते. परतताना लकडी पुलावरून आलो. पेशवाईत १७६१ साली तो लाकडाचा बांधला, म्हणून लकडी. पुढे लाकूड गेले, दगड आला, आणि नाव तेवढे टिकले. लाकडाच्या चिरस्थायित्वाविषयी याहून स्पष्ट इशारा एखाद्या शहराने आपल्या नागरिकास द्यावा कसा? मी तो ऐकला नाही.

शेवटी माझा प्रश्न भोसरीच्या औद्योगिक वसाहतीनजीकच्या एका भंगारवाल्याने सोडविला. परदेशाहून यंत्रे येतात ती ज्या लाकडी चौकटींवर बसून येतात, त्या पॅलेट नामक चौकटी त्याच्याकडे रचून ठेवलेल्या होत्या: पाइनचे हलके, पिवळसर, गाठीदार लाकूड. येथे माझी ३३ वर्षांची नोकरी प्रथमच कामास आली. कारण त्या चौकटींवर शिक्का होता, आणि शिक्का दिसला की तो वाचल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. गव्हाच्या लोंबीसारखी एक मुद्रा, देशाची आद्याक्षरे, आणि अखेरीस दोन रोमन अक्षरे. चिरंजीवांनी उलगडा केला तो असा की, किडीने लाकडात बसून फुकट परदेशगमन करू नये म्हणून सर्व देशांनी मिळून हा नियम केलेला आहे. 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटे तापविलेले, आणि 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. खाण्याच्या वस्तू लावावयाच्या असतील तर दुसऱ्या प्रकारास हात लावू नये. मी चष्मा सावरून ४० चौकटी तपासल्या आणि 'एचटी'च्या तीन वेगळ्या काढल्या. भंगारवाला म्हणाला, "काका, साठीतला असा गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहतोय, जो लाकूड न बघता नुसतं वाचतोय."

आता सुतारकाम. आमच्या इमारतीत कामास येणाऱ्या मिस्त्रींनी दीड दिवसाची मजुरी सांगितली, ती मी नामंजूर केली. ज्याने शंकुसाखळी कशी धरतात ते पाहिले, ३३ फुटांच्या साखळीने शिवारेच्या शिवारे मोजली जाताना जवळ उभे राहून आकडे उतरून घेतले, त्यास तीन फुटांची पेटी ती काय अवघड! करवत, हातोडी आणि गुण्या ही आयुधे मिस्त्रींकडूनच उसनी घेतली. लांब बाजू ३६ इंच, आखूड बाजू १२ इंच, तळ ३६ बाय १२, असे कागदावर काढून, खाली सही करून, त्या बरहुकूम पट्ट्या कापल्या आणि चारही बाजू जोडल्या. तळाची फळी आत जाईना. पुन्हा मोजली: ३६ इंच. बाजू मोजल्या: ३६ इंच. सर्व दप्तर बिनचूक, आणि तरी फळी दीड इंच लांब! सायंकाळी मिस्त्री गुण्या परत न्यायला आले. पेटीकडे पाहून त्यांनी काहीही न बोलता दोन बोटांच्या चिमटीत एका पट्टीची जाडी धरली, मग दुसऱ्या टोकाच्या पट्टीची धरली, आणि माझ्याकडे पाहिले. प्रत्येकी पाऊण इंच. आखूड बाजू लांब बाजूंच्या पोटात बसल्या की आतील लांबी तेवढी घटणारच. मोजणी खात्याच्या नकाशात हद्द म्हणजे एक रेघ असते आणि रेघेला जाडी नसते. लाकडाच्या हद्दीला ती असते, हा धडा मी ६१ व्या वर्षी घेतला. फळीच्या अगदी टोकाला भोक न पाडता स्क्रू पिळला तर फळी उभी चिरते, हा दुसरा धडा त्यानंतर १० मिनिटांनी.

चिरंजीव बांधकामाचे अभियंते आहेत. त्यांनी या सर्व काळात एकाही पट्टीस हात लावला नाही, परंतु पेटी पुरी होताच ते हिशेब घेऊन आले. "बाबा, तीन घनफूट म्हणजे ८५ लिटर. भिजलेली माती लिटरला दीड किलो धरा. किती झाले?" १२७ किलो झाले, लाकूड वेगळे. घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास भार धरण्याचा भारतीय मानकाचा दंडक आहे. आमच्या पेटीखालची जागा पाव चौरस मीटरहून थोडी अधिक, म्हणजे तिच्या वाट्याला ८०-८५ किलो. मी म्हटले, दिवाळीत या गॅलरीत आठ माणसे उभी राहून आकाशकंदील लावतात. ते म्हणाले, ती खाली उतरतात. हे म्हणजे दोन व्याही कायमचे मुक्कामास आणून ठेवण्यासारखे आहे. ही उपमा सौ.ला तत्काळ पटली. मातीत निम्म्याहून अधिक नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कंपोस्ट घालावे, पेटी काठोकाठ भरू नये, आणि ती कठड्याला न खेटता घराच्या भिंतीला खेटून ठेवावी, अशा तीन शर्तींवर तहनामा झाला.

इतके झाल्यावर पेटी तयार झाली असे कोणीही म्हणेल, मीही म्हणालो. परंतु खरे प्रकरण येथून पुढे सुरू होते, आणि ते अस्तराचे आहे. लाकडाची गंमत अशी की कोरडे ठेवले तर ते पिढ्यान्पिढ्या राहते आणि पाण्यात पुरते बुडविले तरीही पुष्कळ टिकते; त्यास मारते ती अर्धवट ओल, जीत हवाही आहे आणि पाणीही आहे, कारण लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस दोहोंची गरज असते. हे आमच्या पूर्वजांस ठाऊक होते. जुन्या वाड्यांतील सागवानी खांब कधी जमिनीत रोवलेले पाहिले आहेत काय? त्यांच्याखाली दगडी तळखडा असतो, आणि म्हणून वाड्याचा मालक भाऊबंदकीत कुजून गेला तरी खांब ताठ उभा असतो. आणि तुळशीवृंदावन तर कोणी लाकडाचे केलेच नाही! झाडासाठी लाकडी पेटी करणे म्हणजे, तेव्हा, ज्या ओल्या मातीसाठी ती करावयाची त्याच मातीचा स्पर्श तिला जन्मभर होऊ न देण्याचा बंदोबस्त करणे होय. बाहेरून दिसणारे लाकूड हे केवळ मुखत्यार. खरा कब्जेदार आतले प्लास्टिक असते. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि जमीन कसणारा दुसराच, हा प्रकार मला नवा नव्हता.

अस्तरासाठी सौ.ने प्रथम गोणपाट सुचविले. ते देखणे दिसते, पण ते स्वतःच एका पावसाळ्यात कुजते. दुकानातील पातळ काळा कागद नखाने फाटला. मग मला शेततळ्यांची आठवण झाली. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, तेव्हा अर्जांचे गठ्ठे माझ्याच टेबलावरून गेले होते, आणि तळ्यांत पसरतात त्या ५०० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकचे नमुने मी हाताळले होते. त्याचा एक तुकडा पैदा केला. तो घालण्याची रीत मात्र कोणी शिकविण्याची गरज पडली नाही: कोपऱ्यांत कात्री चालवावयाची नाही, घडी घालावयाची, जुन्या कचेऱ्यांतून दप्तर रुमालात बांधताना घालीत तशीच, आधी लांब बाजू, मग कोपऱ्याची त्रिकोणी घडी आत. पिना ठोकावयाच्या त्या फक्त वरच्या कडेला, मातीच्या पातळीहून वर. खाली ठोकलेली प्रत्येक पीन म्हणजे पाण्याला दिलेली एक चोरवाट. अस्तर इतके सुरेख बसले की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखविले.

त्या आनंदात तळाला भोके पाडावयाची राहिली. बाहेरून पेटी, आतून शेततळे! दोन आठवड्यांत मिरचीची रोपे पिवळी पडली, आणि एके सकाळी आरोग्य खात्याची माणसे दारोदार पाणी तपासत आली तेव्हा, त्यांतील एका मुलीने विजेरी टाकून माझ्या मिळकतीत हालचाल करणाऱ्या अळ्या मलाच दाखविल्या. डेंग्यूचा डास अंड्यातून निघून आठ-दहा दिवसांत उडू लागतो, हे तिने मला, अव्वल कारकुनाला, लहान मुलास सांगावे तसे समजाविले, आणि पंचनामा न करता केवळ समज देऊन सोडले. मग माती उपसली, आणि तळाला, फळी व प्लास्टिक दोन्हींतून आरपार, सहा भोके पाडली. तरीही पाणी भोकातून उतरताना प्लास्टिक आणि फळी यांच्या मधल्या फटीत शिरून बसे, म्हणजे मूळ रोगच पुन्हा. त्यावर मिस्त्रींनी तोड काढली. प्रत्येक भोकात नळीचा बोटभर तुकडा बसवावयाचा, तो फळीच्या खाली अर्धा इंच डोकावला पाहिजे, आणि वरच्या तोंडावर मच्छरजाळीचा तुकडा ठेवावयाचा. पेटीच्या चार कोपऱ्यांखाली चार ठोकळे, हे आमचे तळखडे. तळाला विटांचे तुकडे घालावेत असे सौ.च्या माहेरचे मत होते. खडीच्या थराने निचरा वाढत नाही, ओल थराच्या वरच अडून राहते आणि वजन तेवढे वाढते, असे चिरंजीवांचे. मी दोहोंच्या सह्या घेऊन प्रकरण तहकूब ठेवले आणि विटा घातल्या नाहीत.

बाहेरील अंगास तेल कोणते द्यावे, यावर मालवणकडच्या एका जुन्या सहकाऱ्याने खात्रीचा उपाय कळविला. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल फासतात, समुद्र काही करू शकत नाही! बाटलीही त्यानेच धाडली. हातमोजे घाल, असे त्याने पत्राच्या मागील बाजूस लिहिले होते, आणि मी पत्राची मागील बाजू दुसऱ्या दिवशी, दोन्ही हातांना फोड आल्यावर, वाचली. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे आहेत. पेटीच्या रूपाने एकदा आणि तेलाच्या रूपाने पुन्हा, अशी या कुळाने माझी दोनदा फजिती केली. आणि कुळाविरुद्ध दावा चालत नाही, हे कूळकायदा कोळून प्यालेल्या माणसास कोणी सांगावयास नको. उरलेल्या बाजूंना मी मुकाट्याने जवसाचे तेल चोळले.

आता खालच्या मजल्यावरच्या काकूंविषयी. काथ्याचा भुसा आधी दोन-तीन पाण्यांनी धुवावा लागतो, नाहीतर त्यातून चहाच्या रंगाचे पाणी उतरत राहते, हे मला ठाऊक नव्हते; त्यांना ते त्यांच्या पांढऱ्या चादरीवरून कळले. त्यांनी चादर वर आणून दाखविली, संस्थेच्या सभेत दाखविली, आणि चिटणिसांनी ती चादर परिशिष्ट म्हणून इतिवृत्तास जोडण्याची सूचना फेटाळली तेव्हा आपली लेखी हरकत नोंदविली. मी कैफियत दिली, पेटीखाली पत्र्याचे ताट ठेवण्याचा कबूलनामा लिहून दिला, आणि ताटातले पाणी रोज ओतीन, डासांस आश्रय देणार नाही, असेही त्यात स्वहस्ते लिहिले.

या गोष्टीस आता तिसरा पावसाळा लोटला. परवा एका कोपऱ्यातील अस्तर उचलून पाहिले: आतील लाकूड कोरडे, पिवळे, भोसरीहून आणले तसेच, बाहेरून मात्र ते माझ्या केसांच्या रंगाचे झाले आहे. पेटीचा खर्च, चौकटी, करवतीचे नवे पाते, प्लास्टिक, तेल, फोडांवरचे मलम आणि एक पांढरी चादर धरून, ४८६० रुपये. यंदाचे पीक, मिरची, नग सात. जिल्ह्यात पन्नास पैशांखाली पैसेवारी आली की टंचाईच्या सवलती लागू होतात. माझ्या क्षेत्राची नजरअंदाज पैसेवारी मी बारा पैसे लावली आहे. हा मजकूर मी एका कोऱ्या कागदावर रीतसर सातबारा आखून त्यात भरला, भोगवटादार म्हणून सौ.चे व माझे नाव समाईकात घातले, पोटखराबा निरंक दाखविला, आणि तो कागद गॅलरीच्या दाराला आतून चिकटविला. फक्त इतर हक्कांच्या रकान्यात एक नोंद करावी लागली. सातवी मिरची झुडपाच्या ज्या फांदीला आली, ती कठड्याबाहेर झुकून पहिल्या मजल्याच्या हवेत उतरली होती, आणि ती काकूंनी तोडली. तिच्या मालकीचा वाद अद्याप प्रलंबित आहे.